आखाती नोकरी: व्हिसा, परवाना आणि पगाराबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन अंकांत आम्ही आखाती देशांत कामाला जाणाऱ्यांकडून प्रश्न मागवले होते. सर्वाधिक पत्रे जत, आटपाडी, खानापूर, माण आणि खटाव या तालुक्यांतून आली. पाणी नाही म्हणून ज्या घरांतली माणसे बाहेर पडतात, त्यांच्याच पैशांवर डल्ला मारला जातो, हे पत्रे वाचताना वारंवार दिसले. नावे वगळून, सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न (तासगाव): मी आठवी पास असून आयटीआयचा वेल्डर ट्रेड केला आहे. गावातला एक जण दुबईत वेल्डरची नोकरी देतो म्हणतो. 1 लाख 40 हजार मागतो आणि "आता व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर व्हिसा बदलून देतो" असे सांगतो. जावे का?

या पद्धतीने जाऊ नका, आणि पैसे दिले नसतील तर देऊ नका. त्याच्या एकेका म्हणण्यातला धोका नीट समजून घ्या.

आधी पासपोर्ट पाहा. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' छापलेले असते. म्हणजे तुम्ही यूएई (दुबई, शारजा ज्यात येतात तो देश), सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, मलेशिया अशा 18 देशांत नोकरीसाठी जात असाल, तर निघण्यापूर्वी भारत सरकारच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची परवानगी लागते. आयटीआय झालेल्या काहींना यातून सूट मिळते, पण त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेतला दोन वर्षांचा कोर्स लागतो. फिटरचा कोर्स दोन वर्षांचा असतो, वेल्डरचा एकच वर्षाचा. त्यामुळे तुम्ही ईसीआरमध्येच येता. पुढे बाहेरून दहावी झालात तर पुणे विभागीय पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीतल्या केंद्रात पासपोर्ट नव्याने काढताना हा शिक्का काढून घेता येतो.

या परवानगीसाठी एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना, परदेशी कंपनीचे मागणीपत्र आणि तुमच्या सहीचा करार असावा लागतो. शिवाय कंपनीची भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंद हवी. व्हिजिट व्हिसावर पाठवले की यातले काहीच दाखवावे लागत नाही. "व्हिजिटवर जा" म्हणण्याचे खरे कारण हेच आहे.

तिथे पोहोचल्यावर व्हिसा बदलणे अशक्य नसते. एखाद्या कंपनीने रीतसर वर्क परमिट काढले तर बदल होतो. पण परमिट हातात येईपर्यंत एक दिवसही काम केले तरी ते बेकायदा ठरते. परमिट नसलेल्या माणसाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला यूएईत 2024 पासून 1 लाख ते 10 लाख दिरहॅम दंड आहे. त्यामुळे बरी कंपनी अशा माणसाला दारातही उभे करत नाही. उरतात ते पगार बुडवणारे छोटे ठेकेदार. तिथे तुमच्याकडे ना करार असतो, ना बँकेतून येणारा पगार. व्हिसाची मुदत संपली की रोज 50 दिरहॅम दंड चढतो, आणि त्या भीतीने माणूस तक्रारीलाही जात नाही.

आता पैशाचे. परवानाधारक एजंट उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी घेऊ शकतो. एकूण 35,400 रुपये, तेही पावती देऊन. वर्क परमिट आणि व्हिसाचा खर्च यूएईच्या कायद्याने मालकाचा आहे. 'व्हिसाचे पैसे' म्हणून वेगळी रक्कम मागणारा माणूस एकतर मालकाने आधीच भरलेले पैसे तुमच्याकडून दुसऱ्यांदा घेतो आहे, नाहीतर व्हिसाच विकतो आहे.

गावातला माणूस "मी मुंबईच्या अमुक ऑफिसचा सब-एजंट" असे म्हणेल. कायद्याला सब-एजंट मान्य नाही. मुंबईच्या ऑफिसचे नाव आणि परवाना क्रमांक घ्या. ई-मायग्रेटवर चालू परवाना असलेल्या एजंटांची यादी आहे आणि बिनपरवाना एजंटांचीही वेगळी यादी आहे, दोन्ही पाहा. नाव यादीत आहे एवढ्यावर थांबू नका, परवान्याची मुदत आणि पत्ता जुळतो का तेही बघा. दुसऱ्याचा परवाना क्रमांक आपल्या बोर्डावर छापणारे आहेत. मग यादीतल्या दूरध्वनीवर स्वतः फोन करून "ही जागा तुमच्याकडे आहे का" असे विचारा. 1800 11 3090 या प्रवासी भारतीय सहायता केंद्राच्या मोफत क्रमांकावरही विचारता येते. पैसे द्यायचेच झाले तर कंपनीच्या खात्यावर द्या, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नको.

प्रश्न (विटा): दोन ऑफर आल्या आहेत. एकीत महिना 1,500 दिरहॅम, दुसरीत 1,450. पहिली घ्यावी ना?

तुम्ही दोन्ही ऑफर लेटरचे फोटो पाठवलेत हे फार चांगले केलेत. पहिलीत बेसिक 700 आणि बाकीचे 800 भत्ते आहेत. दुसरीत बेसिक 1,050 आणि भत्ते 400. आमच्या मते दुसरी घ्या.

यूएईत ओव्हरटाइम आणि नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी, दोन्ही बेसिकवर मोजतात. ओव्हरटाइमच्या तासाला नेहमीच्या तासापेक्षा 25 टक्के जास्त दर लागतो, आणि रात्री 10 ते पहाटे 4 या वेळेत 50 टक्के जास्त (पाळीत काम करणाऱ्यांना रात्रीचा हा नियम लागू नाही). बेसिकला 30 दिवसांनी आणि मग 8 तासांनी भागले की तासाचा दर निघतो. पहिल्या ऑफरमध्ये तो 2.92 दिरहॅम येतो आणि ओव्हरटाइमचा 3.65. दुसरीत 4.38 आणि 5.47. महिन्याला 40 तास जादा काम धरले तर पहिलीत सुमारे 146 दिरहॅम वाढतात, दुसरीत सुमारे 219. म्हणजे हातात पहिलीचे 1,646 आणि दुसरीचे 1,669 पडतात. कागदावर 50 ने कमी दिसणारी नोकरी दरमहा 23 ने जास्त देते.

ग्रॅच्युइटी पहिली पाच वर्षे दर वर्षाला 21 दिवसांच्या बेसिकइतकी असते आणि त्यासाठी किमान एक वर्ष नोकरी व्हावी लागते. दोन वर्षांनी पहिल्या ठिकाणी 980 दिरहॅम मिळतील, दुसऱ्या ठिकाणी 1,470.

एक गोष्ट मात्र विचारून घ्या. पहिल्या ऑफरमधल्या 800 मध्ये राहण्याचा भत्ता आहे, मग खोली कंपनीची की तुमची? दुसरीत खोली कंपनीची असेल तर फरक आणखी मोठा होतो. कंपनीची नसेल तर हा सगळा हिशोब उलटू शकतो, म्हणून उत्तर कागदावर घ्या. परदेशी कामगारांसाठी यूएईत किमान वेतन ठरलेले नाही. सहीच्या कागदावर जो आकडा आहे तोच तुमचा कायदा, म्हणून एवढ्या बारकाईने पाहायचे.

ऑफर लेटर अरबी, इंग्रजी आणि तिसऱ्या एका भाषेत मिळते. त्या भाषांत मराठी नाही, पण हिंदी आहे. हिंदी प्रत मागून घ्या, वाचल्याशिवाय सही करू नका आणि फोटो घरी पाठवून ठेवा. तिथे पोहोचल्यावर पुढे केलेल्या करारात या ऑफरपेक्षा कमी काही लिहिता येत नाही. "हा नुसता फॉर्म आहे" म्हणून कमी बेसिकचा कागद पुढे केला, तर हाच फोटो तुमच्या बाजूने उभा राहतो.

प्रश्न (जत): भाऊ शारजात बांधकामावर आहे. तीन महिने अर्धाच पगार मिळतो. "बाकीचा साइट संपल्यावर" असे सांगतात. तो काम सोडून दुसरीकडे जायचे म्हणतो.

काम सोडून जाऊ देऊ नका. तुमच्या भावाची बाजू आज भक्कम आहे आणि न सांगता निघून गेला तर तीच ढासळते. सलग 7 दिवस गैरहजर राहिला की मालक त्याच्यावर काम सोडून पळाल्याची नोंद करू शकतो. मग पगाराची तक्रार बाजूला पडते आणि त्यालाच उत्तरे द्यावी लागतात.

यूएईत पगार 'वेज प्रोटेक्शन सिस्टीम'मधून, म्हणजे बँक किंवा एक्स्चेंज हाऊसमार्फत द्यावा लागतो आणि कोणाला किती दिला हे कामगार मंत्रालयाला दिसते. ही व्यवस्था 2009 पासून आहे. ठरलेल्या तारखेनंतर 15 दिवस गेले की पगार थकला असे धरतात, आणि थकवणाऱ्या कंपनीची नवी परमिटे थांबवली जातात. अर्धा पगार देणाऱ्या कंपन्या दोन युक्त्या करतात. एक, व्यवस्थेत पूर्ण पगार दाखवून कार्ड आणि पिन फोरमनकडे ठेवायचा व उरलेले पैसे काढून घ्यायचे. दुसरी, 'पूर्ण पगार मिळाला' अशा कागदावर सही घ्यायची. भावाला विचारा, कार्ड कोणाकडे आहे? फोरमनकडे असेल तर आजच परत मागायला सांगा आणि पिन बदलायला सांगा. रिकाम्या किंवा न वाचता येणाऱ्या कागदावर सही नको.

मग पुरावा जमवा. कार्डाचे तीन महिन्यांचे स्टेटमेंट, ऑफर लेटर आणि कराराचा फोटो, हजेरीच्या तक्त्याचे रोजचे फोटो, पगाराबद्दल सुपरवायझरशी झालेले व्हॉट्सअ‍ॅप संदेश. बोलणे फोनवर झाले असेल तर त्यानंतर "आज तुम्ही असे सांगितलेत" एवढा संदेश टाकून ठेवावा.

तक्रार मंत्रालयाच्या अ‍ॅपवरून किंवा 80084 या क्रमांकावरून करता येते आणि तिला पैसे लागत नाहीत. मंत्रालय दोन्ही बाजूंना बोलावून 14 दिवसांत तोडगा काढायचा प्रयत्न करते. 50 हजार दिरहॅमपर्यंतच्या वादात 2024 पासून मंत्रालय स्वतःच निर्णय देऊ शकते. त्याहून मोठा दावा कोर्टात जातो, आणि 1 लाख दिरहॅमपर्यंतच्या कामगार दाव्याला कोर्ट फी नाही. तक्रार सुरू असताना रोज कामावर जावे आणि हजेरी नोंदवावी.

तुम्ही जतमध्ये बसूनही हात लावू शकता. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर कुटुंबातला माणूस तक्रार नोंदवू शकतो. पासपोर्ट क्रमांक, कंपनीचे नाव-पत्ता आणि भावाचा तिथला मोबाइल एवढे लागते. दुबईतल्या भारतीय सहायता केंद्राचा तिथून मोफत लागणारा क्रमांक 800 46342 आहे, आणि शारजा दुबईच्याच वाणिज्य दूतावासाकडे येते.

प्रश्न (खटाव): कंपनीचा टेम्पो घासला म्हणून पगारातून सगळी रक्कम कापली. चालते का?

चालत नाही. यूएईत सगळ्या कपाती मिळून एका महिन्याच्या पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ शकत नाहीत. उचल घेतली असेल तर तिचा हप्ता पगाराच्या 20 टक्क्यांच्या आत हवा आणि त्याला तुमची लेखी संमती लागते. नुकसानीची भरपाई मागायची तर चूक तुमची होती हे मालकाला दाखवावे लागते. पोलिसांच्या अपघात अहवालाची प्रत आजच मिळवा, त्यात चूक कोणाची ते लिहिलेले असते.

प्रश्न (कराड): दाजी रियाधला जाऊन पाच महिने झाले. इकामा (सौदीतला रहिवासी परवाना) अजून नाही. कंपनी म्हणते त्याची फी पगारातून कापू.

दाजी सौदीत पोहोचल्यापासून 90 दिवसांत इकामा निघायला हवा होता. इकामा आणि वर्क परमिटची फी, नूतनीकरण, उशिराचा दंड आणि करार संपल्यावरचे परतीचे तिकीट हा सगळा खर्च सौदी कामगार कायद्याच्या 40व्या कलमाने मालकावर आहे. कपात मान्य करू नका.

इकामा नसेल तर बाहेर पडल्यावर पोलीस दाजींना पकडतील, कंपनीच्या मॅनेजरला नाही. म्हणून घाई करा. 'किवा' या सरकारी पोर्टलवर त्यांच्या नावाचा करार नोंदला आहे का हे आधी पाहायला सांगा. 2021 च्या मार्चमध्ये आलेल्या सुधारणांनंतर, आल्यापासून तीन महिन्यांत करार नोंदला नाही, किंवा सलग तीन महिने पगार दिला नाही, किंवा इकाम्याची मुदत गेली, तर मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीत बदली मागता येते. दुसरी कंपनी मात्र आधी शोधावी लागते, बदलीची मागणी तिच्याकडून जाते. तक्रारीसाठी सौदी मंत्रालयाचा क्रमांक 19911. पासपोर्ट मालकाकडे असेल तर तोही परत मागा, कामगाराचा पासपोर्ट ठेवून घ्यायला तिथे मनाई आहे.

प्रश्न (कोरेगाव): कतारला जायचे आहे. तिथला करार कधी होतो?

निघण्यापूर्वीच, मुंबईत. कतार व्हिसा सेंटरमध्ये वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे आणि कराराची सही एकाच ठिकाणी होते. पडद्यावर करार आला की घाईने 'मान्य' करू नका. पगाराचा आकडा एजंटाने सांगितलेल्या आकड्याशी जुळत नसेल तर तिथेच नकार द्या. एकदा विमानात बसलात की हे बोलणे अवघड होते. कतारमध्ये मार्च 2021 पासून किमान वेतन 1,000 रियाल आहे, आणि कंपनी राहणे-जेवण देत नसेल तर राहण्याचे 500 आणि जेवणाचे 300 वेगळे द्यावे लागतात. 1,000 च्या आतला करार कोणत्याही कामाला चालत नाही.

प्रश्न (मिरज): वहिनीला कुवेतमध्ये घरकामाची नोकरी लागते म्हणतात. वय 27, शिक्षण सातवी.

पाठवू नका. ईसीआर पासपोर्ट असलेल्या स्त्रीला घरकामासाठी जायला किमान 30 वर्षे पूर्ण लागतात. त्याआधी परवानगी मिळत नाही, आणि 30 नंतरही भरती सरकारने नेमलेल्या संस्थांमार्फतच होते. परवानगी मिळत नाही म्हणूनच कोणी तरी व्हिजिट व्हिसावर, किंवा आधी दुसऱ्या देशात नेऊन पुढे पाठवायचा रस्ता सुचवेल. परक्या घरात, कागदाशिवाय अडकलेल्या बाईपर्यंत दूतावासालाही पोहोचणे कठीण जाते. पत्रात तुम्ही एजंटाने "वय वाढवून नवा पासपोर्ट काढू" असे म्हटल्याचे लिहिले आहे. तो गुन्हा आहे आणि त्यात वहिनीचेच नाव येईल.

प्रश्न (आटपाडी): विमा कोणता काढावा?

ईसीआर पासपोर्टवर जाणाऱ्यांना प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला 10 लाख रुपये. हप्ता दोन वर्षांना 275 रुपये, तीन वर्षांना 375, वर कर. एजंट याचे हजार-दोन हजार लावत असेल तर विचारा. करार वाढला की विमाही वाढवावा लागतो, हे बहुतेक जण विसरतात आणि नेमका तिसऱ्या वर्षी अपघात झाला तर घरच्यांच्या हाती काही येत नाही. नूतनीकरण ऑनलाइन होते. पॉलिसीचा कागद बॅगेत नको, गावी ठेवा, आणि वारसाचे नाव आधारकार्डावर जसे आहे तसेच लिहिले आहे का ते बघा.

प्रश्न (दहिवडी): एजंटाने 90 हजार घेतले, सहा महिने झाले, व्हिसा नाही. पोलीस म्हणतात हा पैशाच्या देवाणघेवाणीचा वाद, कोर्टात जा. काय करावे?

हा नुसता देण्याघेण्याचा वाद नाही. परवाना नसताना परदेशी नोकरीसाठी भरती करणे हा 1983 च्या उत्प्रवास कायद्याच्या 10व्या कलमाचा भंग आहे आणि 24व्या कलमाखाली तो गुन्हा ठरतो. सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू असेल तर भारतीय न्याय संहितेचे 318 (4) हे फसवणुकीचे कलमही लागते. उत्प्रवास कायद्याखाली खटल्याला केंद्राची मंजुरी लागते असे तुम्हाला सांगतील. ते अर्धेच खरे आहे. जो स्वतः फसला, त्याने किंवा त्याच्या आई-वडील, पती-पत्नी, भाऊ-बहीण, मुलांनी तक्रार केली तर 27व्या कलमाने मंजुरीची गरज नाही. म्हणून तक्रार मित्राच्या किंवा पुढाऱ्याच्या नावाने नको, तुमच्याच नावाने लिहा.

तक्रारीत तारीखवार लिहा: कोणत्या दिवशी, कुठे, कोणासमोर, किती रक्कम, रोख की खात्यावर, कोणत्या देशातल्या कोणत्या कामासाठी. "परदेशी नोकरीचे आमिष" एवढेच मोघम लिहिले की प्रकरण उसनवारीचे दिसते. ई-मायग्रेटवर एजंटाचे नाव नाही हे दाखवणारी छापील प्रत जोडा. ठाण्यात घेतले नाही तर हीच तक्रार साताऱ्याला पोलीस अधीक्षकांकडे रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. त्याची एक प्रत मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स कार्यालयाला द्या. पासपोर्ट एजंटाकडे अडकला असेल तर ते वेगळ्या परिच्छेदात स्पष्ट लिहा. पासपोर्ट ही सरकारची मालमत्ता आहे, पैशाच्या वसुलीसाठी तो कोणालाही अडकवून ठेवता येत नाही.

आणि तडजोडीला तो 20-30 हजार घेऊन आला तर घ्या, पण पावतीवर 'एकूण 90 हजारांपैकी' असे लिहून घ्या. 'हिशोब पूर्ण' असे लिहिलेल्या कागदावर, पूर्ण रक्कम हातात येईपर्यंत, सही करू नका.

प्रश्न (कवठेमहांकाळ): कंपनी बंद पडली, मी परत आलो. चार महिन्यांचा पगार आणि ग्रॅच्युइटी राहिली. आता काही होईल का?

यूएईतली नोकरी असेल तर होईल, मात्र वेळ मोजून चाला. 2024 च्या दुरुस्तीनंतर नोकरी संपल्यापासून दोन वर्षांपर्यंत दावा करता येतो, त्याआधी ही मुदत एक वर्ष होती. इथून दावा चालवायला तिथल्या विश्वासातल्या माणसाच्या किंवा वकिलाच्या नावाने मुखत्यारपत्र लागते. ते आधी नोटरीकडे, मग राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि शेवटी यूएईच्या वकिलातीकडून साक्षांकित करून घ्यावे लागते. मुखत्यारपत्रात 'कामगार दावा चालवणे' एवढेच अधिकार द्या. पैसे त्या माणसाच्या नव्हे, तुमच्या स्वतःच्या बँक खात्यावर यावेत असे त्यात स्पष्ट लिहा. शेवटच्या दिवशी 'सगळे मिळाले' अशा व्हिसा रद्दीकरणाच्या कागदावर सही केली असेल तर त्याची प्रत शोधून वकिलाला पहिल्यांदा तीच दाखवा, कारण कंपनीची बाजू तिथूनच सुरू होईल.